आमची ओळख आणि शाळेच्या रजिस्टरातील एक रकाना

(समाजाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



मेळाव्याच्या चिटणीसांनी आमच्याकडे विषय पाठविला तो असा : 'सभोवतालच्या संस्कृतीच्या रेट्यात ख्रिस्ती ओळख कशी टिकवावी ?' विषय वाचताच आम्हांस वाटले की, हा विषय एखाद्या पाळकास किंवा सेमिनरीतील अध्यापकास द्यावयास हवा होता. आम्ही जुन्या अकरावीचे मॅट्रिक. त्यापुढे अध्यापनाची पदविका घेतली आणि पस्तीस वर्षे जिल्हा परिषदेच्या शाळांतून मुलांना बाराखडी व पाढे शिकविले. ईश्वरविज्ञान आम्हांस येत नाही. परंतु चिटणीस म्हणाले, "गुरुजी, शाळेत जे पाहिले तेच सांगा." शाळेत आम्ही पुष्कळ पाहिले आहे. त्यांतील एक गोष्ट आजवर कोठे बोललो नव्हतो, ती आज बोलावी असे मनाशी ठरवून येथे उभे आहो.

हा विषय निघाला म्हणजे आपल्या मंडळ्यांतून ठराविक तक्रारी ऐकू येतात. अमक्याच्या लग्नात हळद लागली, तमक्याने मुहूर्त पाहिला, सुनेने कुंकू लावले, पोळ्याला बैल रंगविले, सासऱ्याच्या दहाव्याला नदीवर जाऊन कावळ्याची वाट पाहिली. कोणी नवरात्रात रंगारंगाच्या साड्या नेसणाऱ्या मुलींवर घसरतो, कोणी दिवाळीच्या फराळावर. या तक्रारी करणारे बहुधा आमच्याच वयाचे असतात आणि फराळाचे ताट समोर आले म्हणजे तेही चकली मोडतातच. यांत काहीच तथ्य नाही असे आम्ही म्हणत नाही. कावळ्याने पिंडास शिवण्यावर ज्याचे समाधान अवलंबून असेल, त्याने पुनरुत्थानावर आपला विश्वास कितपत आहे हे स्वतःशी तपासावे. परंतु आमच्या मते बैलाच्या शिंगांना हिंगूळ लावल्याने कोणाचा ख्रिस्त दुरावत नाही. बैल वर्षभर राबतो. त्याला एक दिवस पुरणपोळी मिळाली तर ते कृतज्ञतेचेच काम होय. आपल्या देवळांत हंगामाच्या सणाला ज्वारीची कणसे, भोपळे, कोंबड्या आणून त्यांचा लिलाव करतात, तीही कृतज्ञताच.

आम्ही गावोगावच्या शाळांत नोकरी केली. सरस्वतीच्या प्रतिमेला हार घातला जाई तेव्हा आम्ही रांगेत उभे राहत असू. पूजा सहशिक्षक करीत. आम्हांस कोणी हात जोडावयास लावले नाही आणि आम्हीही तोंड फिरवून उभे राहिलो नाही. गावच्या यात्रेची वर्गणी आली तर आम्ही ती जेवणाच्या खर्चात धरावी असे सांगून देत असू. पंच हसत आणि पावती फाडीत. शेजाऱ्यांनी आमच्यावर जुलूम केला असे म्हणणे खोटे होईल. टोमणे मात्र पुष्कळ ऐकले. 'बाटगे' हा शब्द तर लहानपणापासून कानावर आहे. 'गव्हावर बाटले' हा दुसरा. १८७६ ते १८७८ च्या मोठ्या दुष्काळानंतर या जिल्ह्यात पुष्कळ महार व मांग कुटुंबांनी बाप्तिस्मा घेतला, ही गोष्ट खरी आहे. ती लपविण्याचे कारण नाही. ज्यांना गावाच्या विहिरीवर पाणी नव्हते, देवळाच्या पायरीवर जागा नव्हती, त्यांना दुष्काळात कोणी माणूस म्हणून जवळ केले, तर त्यांनी त्याचा देव कोण हे विचारावे यात नवल ते काय ? आणि पोटासाठीच जर धर्म बदलत असता, तर १९७२ च्या दुष्काळात सबंध गावाने परदेशची तांबडी मिलो खाल्ली, खडी फोडता फोडता सुकडीचे डबे चाटूनपुसून रिकामे केले. त्यांतला एकही कोणी बाटला नाही. आम्ही तेव्हा शाळकरी होतो. मिलोची भाकरी कशी चिरफळत असे ते अजून आठवते.

आता आपली मूळ ओळख काय होती, हे थोडे पाहू. अमेरिकन मराठी मिशनचे लोक नगरास आले ते १८३१ च्या अखेरीस. १८३३ साली येथे पहिली मंडळी स्थापन झाली. परंतु नगरच्या ख्रिस्ती माणसाला गावाने ओळखले ते प्रथम शाळेमुळे. सिंथिया फरारबाईंच्या मुलींच्या शाळा नगरात चालत होत्या. त्या पाहून जोतीराव फुल्यांस प्रेरणा झाली आणि १८४८ साली पुण्यात त्यांनी मुलींची शाळा काढली, हे आता पाठ्यपुस्तकांतूनही येते. १८४२ साली 'ज्ञानोदय' याच नगरात निघाला. मराठी नियतकालिके बोटांवर मोजण्याइतकी होती अशा काळची ही गोष्ट. पुढे बॅलंटाईनसाहेबांनी मराठीत गीते रचली, कृष्णराव सांगळे यांच्यासारख्यांनी गीतेही रचली आणि हातात टाळ घेऊन ख्रिस्ताची कीर्तनेही केली. म्हणजे पहा, आपल्या आजोबा-पणजोबांनी परका देव स्वीकारला असे लोक म्हणत, तेव्हा ते आपल्याच ओवीत, आपल्याच चालीवर, मृदंगाच्या ठेक्यावर त्याला आळवीत होते.

आणि टिळकांविषयी तर काय सांगावे ! नारायण वामन टिळक कोकणातले, चित्पावन ब्राह्मण. १८९५ साली मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि मग ते नगरास आले ते आपलेच होऊन राहिले. येथल्या सेमिनरीत त्यांनी शिकविले, 'अभंगांजली' लिहिली, 'ख्रिस्तायन' हाती घेतले. नावही बदलले नाही, आडनावही नाही. तुकोबांच्या अभंगांवाटेच आपण ख्रिस्तापाशी पोहोचलो असे ते सांगत. लक्ष्मीबाईंनी मात्र पाच वर्षे वाट पाहिली. पती ख्रिस्ती आणि त्या हिंदू, अशी पाच वर्षे त्या घराने कशी काढली असतील, हे 'स्मृतिचित्रे' वाचणारांस ठाऊक आहे. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो कोणाच्या धाकाने नव्हे, मनातला विटाळ एकेक करून गळून गेल्यावर. आम्ही शाळेत असता 'स्मृतिचित्रे'तील उतारा वर्गात शिकविताना मुलांना सांगत असू की, या बाई आपल्या जिल्ह्यात राहिल्या. एकदा एका मुलाने विचारले, "गुरुजी, त्या खिश्चन होत्या तर मराठी कशा ?" मुलगा सात-आठ वर्षांचा होता, त्याचा दोष नाही. परंतु त्या प्रश्नात आजच्या विषयाचे निम्मे दुखणे आले.

कारण आपल्याविषयी लोकांची कल्पना चित्रपटांतून आलेली. ख्रिस्ती म्हणजे झगा, कोट, पियानो आणि नाताळचा केक. वसईकडचे आपले बांधव, गोव्याचे बांधव, त्यांची नावे पोर्तुगीज. त्यांचा इतिहास निराळा. नगरचा ख्रिस्ती माणूस साळवे असतो, गायकवाड असतो, शिंदे असतो, पवार असतो. त्याची बायको नऊवारी नाही तर सहावारी नेसते, ती लग्नात मंगळसूत्र घालते आणि त्यात कोणी वाट्यांसोबत क्रूस ओवतो. नाताळच्या आधी आठ दिवस रात्री आपली पोरे ढोलकी व टाळ घेऊन घरोघर गात फिरतात. सप्टेंबरात हरेगावी मतमाउलीची यात्रा भरते. तेथे ख्रिस्ती किती आणि इतर किती हे मोजू जाल तर थकाल. आम्ही स्वतः प्रॉटेस्टंट मंडळीत वाढलो, त्यामुळे नवसाची गोष्ट आम्हांस पटत नाही, परंतु त्या यात्रेत चालणारी म्हातारी आपल्या मराठी मुलखाचीच आहे, आणि ती आईपाशी जशी बोलावी तशीच मरियेशी बोलते. तेव्हा सभोवतालच्या संस्कृतीपासून आपली ओळख वाचवावयाची असे जे म्हणतात, त्यांनी हे ध्यानी घ्यावे की, ती संस्कृती सभोवताली नाही, ती आपल्या घरात आहे. पंडिता रमाबाईंनी अखेरच्या वर्षांत सामान्य बायकांना कळेल अशा मराठीत पवित्र शास्त्राचे भाषांतर केले, ते या घरातल्या माणसांसाठीच.

मग रेटा नाही काय ? आहे. परंतु तो कुंकवाच्या बोटातून येत नाही. तो कोठून येतो ते आम्ही आता सांगतो. त्यासाठी शाळेत चलावे लागेल.

शाळेत 'जनरल रजिस्टर' नावाचे एक जाड पुस्तक असते. जून महिन्यात मुलगा दाखल झाला की त्यात त्याचे नाव, वडिलांचे नाव, जन्मतारीख आणि धर्म व जात लिहावयाची. मुख्याध्यापकाने तेथे जे लिहिले तेच पुढे शाळा सोडल्याच्या दाखल्यावर उतरते, आणि दाखल्यावर जे उतरते ते माणसाच्या जन्माला चिकटते. मागाहून एक अक्षर बदलावयाचे म्हटले तर वरच्या कचेरीची मंजुरी लागते. आम्ही वर्षानुवर्षे ते पुस्तक लिहिले. अक्षर आमचे चांगले होते.

नोकरीची पहिली काही वर्षे होती. दोन शिक्षकांची शाळा, त्यांतले मुख्याध्यापकपद आमच्याकडे. एके जूनमध्ये एक गृहस्थ मुलाला घेऊन आले. साखर कारखान्याच्या शिवारात मजुरी करणारे, आणि आमच्याच मंडळीतले वडील. आदल्याच रविवारी प्रभुभोजनाचे ताट त्यांच्या हातून आमच्या हाती आले होते. मुलाचे नाव सांगितले, तारीख सांगितली. धर्माच्या रकान्याशी आम्ही थांबलो तेव्हा ते खालच्या आवाजात म्हणाले, "गुरुजी, देवळात काय हाय ते देवाला ठावं. हितं हिंदू टाका आन् आपली जुनी जात टाका. पोरगं शिकंल." आम्ही लिहिले. हात कापला नाही. खरे सांगावयाचे तर, आपण एका गरिबाचे कल्याण केले असेच त्या रात्री वाटले.

त्यांनी तसे का सांगितले, हे येथे बसलेल्या प्रत्येकास ठाऊक आहे. तरी तरुणांसाठी सांगतो. इंग्रजी अमदानीत १९३६ साली अनुसूचित जातींचा हुकूम निघाला, त्यातच भारतीय ख्रिस्ती मनुष्य अनुसूचित जातीचा मानला जाणार नाही असे घातले होते. स्वातंत्र्यानंतर १९५० साली राष्ट्रपतींचा आदेश निघाला, त्याच्या तिसऱ्या परिच्छेदात हिंदूखेरीज अन्य धर्माच्या माणसास अनुसूचित जातीचा मानू नये असे म्हटले. १९५६ साली शिखांना आत घेतले, १९९० साली बौद्धांना. ख्रिस्ती व मुसलमान बाहेर राहिले. यामागची समजूत अशी की, ख्रिस्ती धर्मात जात नाही, म्हणून ख्रिस्ती झालेल्याची अस्पृश्यताही जाते. धर्मग्रंथापुरते हे बरोबर आहे. परंतु गावात काय झाले ? बाप्तिस्मा झाला तरी घर त्याच वाड्यात राहिले, पाणी त्याच आडाचे राहिले आणि हॉटेलातला फुटक्या कानाचा कपही तोच राहिला. गावाने आदेश वाचला नव्हता.

राज्यात आपल्याला अगदीच वाऱ्यावर सोडले असे नाही. अनुसूचित जातीतून ख्रिस्ती झालेल्यांस महाराष्ट्रात इतर मागासवर्गात धरतात. परंतु त्या काळी खेड्यातल्या मजुराला ते कोण सांगणार, आणि सांगितले तरी शिष्यवृत्तीत, वसतिगृहात, नोकरीतल्या जागांत जो फरक पडे तो त्याला चांगला कळत होता. तेव्हा त्या गृहस्थांना दोष देण्याचे धैर्य आमच्याजवळ तेव्हा नव्हते आणि आजही नाही.

मुलगा हुशार निघाला. वसतिगृहात राहिला, तंत्रनिकेतनात गेला, सरकारी नोकरीस लागला. पुढे जातीच्या दाखल्यांच्या पडताळणीचा कायदा आला, तो ऑक्टोबर २००१ पासून अमलात आला, आणि पडताळणीची निकड सर्वांनाच लागली. शंका आली तर समितीचे दक्षता पथक गावात येऊन चौकशी करते. चौकशी म्हणजे काय ? शेजाऱ्यांस विचारतात : ही मंडळी कोणते सण पाळतात, रविवारी कोठे जातात, यांची माणसे मेली म्हणजे जाळतात की पुरतात ? पथक येणार अशी नुसती कुणकुण लागली आणि त्या घराने देवळात येणे बंद केले. पुढच्या खोलीत देवांच्या तसबिरी लागल्या. पवित्र शास्त्र फडक्यात गुंडाळून धान्याच्या कणगीत गेले. बाप्तिस्म्याच्या वहीतले नाव काढून टाकता येईल काय, असे मुलाने पाळकास विचारल्याचे आमच्या कानावर आले. पाळकांनी काय उत्तर दिले ते आम्ही विचारले नाही.

आणि त्यातच ते गृहस्थ वारले. आपल्या बापाच्या शेजारी, ख्रिस्ती दफनभूमीत मूठमाती मिळावी, ही त्यांची इच्छा होती. आजारपणात आम्हांजवळही ते दोनदा बोलले होते. मुलाने त्यांना ओढ्याकाठी अग्नी दिला. अग्नी द्यावा की माती द्यावी हा श्रद्धेचा प्रश्न आहे असे आम्ही मानीत नाही. माती ती माती आणि राख ती राख. परंतु त्या दिवशी पाळक झगा न घालता गर्दीत मागे उभे होते. आम्ही त्यांच्या शेजारी. मंडळीतले पंधरा-वीस लोक होते. एकानेही गीत म्हटले नाही, शास्त्रपाठ झाला नाही, प्रार्थना झाली नाही. चाळीस वर्षे ज्याने ताट फिरविले त्याला आम्ही सगळ्यांनी तोंड मिटून जळू दिले. मुलाचा चेहरा आम्ही पाहिला. त्याच्या जागी आम्ही नव्हतो हे देवाचे उपकार.

तेरा-चौदा दिवसांनी आम्ही त्या घरी गेलो. म्हातारी चुलीपाशी बसली होती. बराच वेळ बोलली नाही. मग हळूच म्हणाली, "गुरुजी, तिकडं त्यास्नी वळखत्याल ना ?"

"वळखतील, मावशी," आम्ही म्हणालो. दुसरे काय म्हणणार ?

बंधुभगिनींनो, 'ओळख' हा शब्द चिटणीसांच्या पत्रात वाचला तेव्हा आम्हांस तिचाच आवाज ऐकू आला. म्हणून आम्ही म्हणतो की, आपली ओळख हळदीने जात नाही आणि पोळ्याने जात नाही. ती जाते जेथे आपले नाव आपल्यालाच चोरावे लागते तेथे. आणि ती चोरी प्रथम आमच्याच लेखणीने झाली आहे.

नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुदुच्चेरीतील एका प्रकरणात निकाल दिला. बाप्तिस्मा झालेल्या व नियमाने चर्चमध्ये जाणाऱ्या एका महिलेने हिंदू म्हणून अनुसूचित जातीचा दाखला मागितला होता. मनात श्रद्धा नसता केवळ सवलतीसाठी धर्म सांगणे ही संविधानाची फसवणूक होय, असे न्यायालयाने म्हटले. वर्तमानपत्रात ते वाचून आमच्या पोटात कालवले. न्यायालयाचे बोलणे खोडून काढण्याइतके आम्ही शहाणे नाही. खोटे ते खोटेच. परंतु एका मजूर बापाला मुलाचे शिक्षण आणि आपला देव यांतले एक निवडावयास लावणारा परिच्छेद योग्य की अयोग्य, या प्रश्नाचे उत्तर त्या निकालात नाही. तो प्रश्न २००४ सालच्या याचिकेने न्यायालयापुढे नेला. २००७ साली रंगनाथ मिश्र आयोगाने अनुसूचित जातीचा दर्जा धर्मापासून अलग करावा अशी शिफारस केली. ऑक्टोबर २०२२ मध्ये त्याच प्रश्नासाठी न्यायमूर्ती बालकृष्णन यांचा आयोग नेमला गेला. इतकी वर्षे या एका परिच्छेदाभोवती गेली.

येथे एक गोष्ट आमच्या तरुणांनी विचारात घ्यावी. आपल्याच वाड्यातले, आपल्याच भावकीतले बौद्ध बांधव १९५६ नंतर याच कचाट्यात सापडले होते. त्यांच्यातही कागदावर जुनेच लिहिणारे होते. परंतु 'बौद्ध' असे उघड लिहिणारेही लाखो होते, आणि त्यांच्या बळावर केंद्रात १९९० साली बदल घडला. आपली मोजणी पहा. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ख्रिस्ती १० लाख ८० हजार, म्हणजे शंभरांत एकही पुरा नाही. रविवारी देवळात बसणारे आणि कागदावर नसणारे यांत किती, हे आम्ही सांगू शकत नाही, पण आम्ही ज्या ज्या गावी नोकरी केली त्या प्रत्येक गावी ते होते. २०२७ च्या जनगणनेत जातही विचारणार असे सरकारने जाहीर केले आहे. आम्ही आहोत असे ज्यांनी कोठेच लिहिले नाही, त्यांची मागणी कोणाच्या नावावर मांडावयाची ?

आता थोडे कडू बोलतो. अध्यक्षांनी क्षमा करावी. सरकार म्हणते ख्रिस्ती लोकांत जात नाही, आणि आपण अर्जात लिहितो की आहे. दोघांतले खरे कोण बोलतो ? याच स्मरणिकेच्या शेवटी वधूवरांची यादी छापतात. गेल्या वर्षीची यादी आम्ही चष्मा लावून वाचली. 'अपेक्षा' या रकान्यात किती जणांनी 'आपल्यातीलच स्थळ हवे' असे लिहिले आहे ते पहा. 'आपल्यातील' म्हणजे ख्रिस्ती नव्हे; सगळेच ख्रिस्ती आहेत. जुन्या दोन वाड्यांतील भिंत आपण शंभर वर्षांवर सांभाळली, प्रभुभोजन एका ताटात आणि सोयरीक मात्र वेगळ्या ताटात. ही संस्कृती कोणी बाहेरून आपल्यावर लादलेली नाही. आमच्या थोरल्या मुलाच्या वेळी आम्हीही 'आपल्यातील'च पाहिली, तेव्हा आमचे हात धुतलेले आहेत असे कोणी समजू नये. धाकट्याने आम्हांस विचारले नाही, आणि आता वाटते, बरे केले.

पुष्कळ बोललो. आता शिक्षकास शोभेल असे थोडे कामाचे सांगतो आणि बसतो.

गेली सहा-सात वर्षे जो कोणी पालक विचारावयास येतो त्यास आम्ही सांगतो की, रजिस्टरात धर्म 'ख्रिस्ती' असाच लिहावा आणि इतर मागासवर्गाचा दाखला उघडपणे काढावा. अनुसूचित जातीइतके त्यात मिळत नाही. परंतु जे मिळते त्यासाठी बापाला तोंड मिटून जाळावे लागत नाही. अडचण एकच, आणि ती मोठी विलक्षण आहे. या दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा मागतात, आणि त्यात पूर्वजांची मूळ जात दिसावी लागते. आपल्या आजोबांची नावे मिशनच्या शाळांत घातली, तेथे गुरुजींनी मोठ्या अभिमानाने जातीच्या जागी नुसते 'ख्रिस्ती' लिहिले. आमच्या आजोबांच्या नावापुढेही तेवढेच आहे. ज्यांनी जात पुसली त्यांच्या नातवंडांना ती पुसल्याचा दंड पडतो. अशा वेळी आजोबांच्या भावांपैकी जो बाप्तिस्म्याविना राहिला असेल, त्याच्या घरचा जुना दाखला, गाव नमुना चौदा म्हणजे कोतवाल बुकातली जन्म-मृत्यूची नोंद, जमिनीचा जुना उतारा, यांचा उपयोग होऊ शकतो. म्हणजे ज्या भावकीशी लग्नकार्यात बोलणे तुटले, तिच्या दारी जावे लागते. आम्ही गेलो होतो. चुलत चुलत्यांनी चहा दिला आणि पेटीतून कागद काढून दिला. त्यांच्या ओसरीवर खंडोबाचा टाक होता.

दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी उपासना सुटल्यावर आम्ही देवळामागच्या खोलीत दोन तास बसतो. ज्यांच्या घरी अशी जुनी कागदपत्रे असतील त्यांनी ती घेऊन यावी. मोडी अक्षर असेल तर वाचून देणारे एक गृहस्थ आम्ही पाहून ठेवले आहेत. बाप्तिस्म्याचा दाखलाही सोबत आणावा, लपवू नये. शाई पुसट झालेल्या कागदाची झेरॉक्स आधी काढून ठेवावी, आणि मूळ कागद कोणाच्याही, आमच्यासुद्धा, हाती देऊन घरी जाऊ नये.